कडता कापून सव्वीस शेर

॥ श्री ॥
अकोला, मिती कार्तिक वद्य ५, शके १७८६

तीर्थस्वरूप गोदाताईस धाकट्या शेषरावचा साष्टांग नमस्कार वि. वि. येथे सर्व क्षेम. तुमच्या अमरावतीची खुशाली कापसाच्या गाडीबरोबर का होईना, पण येत जावी.

चि. चंद्रभान कुर्बान गाडीवानाबरोबर सुखरूप पोचला. उतरल्या उतरल्या त्याने मामाला नमस्कार करायच्या आधी भूक लागल्याचे सांगितले, तेव्हा पोरगा तुझ्याच वळणावर गेला आहे यात शंका नाही. खोकला अजून आहे, पण पहिल्या दोन दिवसांपेक्षा कमी. तुमच्या घरात माणसे कापसातून वाट काढत चालतात, तिथे आठ वर्षांच्या पोराची छाती भरणार नाही तर काय होईल? इकडे पाठवलेस हे फार शहाणपणाचे केलेस. तुझ्या हातून असे क्वचित घडते, म्हणून लिहून ठेवतो.

आता शाळेचे. सरकारी शाळा म्हणजे दोन खोल्या, एक फळा आणि मी. हजेरीबुकात नावे एकेचाळीस. वेचणी सुरू झाल्यापासून येतात अकरा, त्यांतले दोघे झोपायला. बाकीच्यांच्या घरी बोलवायला गेलो, तर सूर्यभान पाटलाने मलाच बसवून समजावले, की मास्तर, पोरगं शाळेत बसून काय करून राह्यलं, वेचणीले हात पाह्यजेत. तिकडे अमेरिकेत लोक आपसांत लढताहेत, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि म्हणून माझ्या दुसऱ्या वर्गाचा पाढा बाराच्या पुढे सरकत नाही.

त्यात डाक्तरसाहेबांचा नवा हुकूम आला. शाळेत बसून मुलांची प्रकृती सुधारते की बिघडते हे सरकारास पाहायचे आहे, सबब दर पौर्णिमेस प्रत्येक मुलाचे वजन करून कळवावे. शाळेत काटा कुठला? मग कापसाच्या बाजारात नत्थुजी मापाऱ्याच्या काट्यावर पोरे नेली. मूल तोलले की झुरते, असे म्हणून आया पारड्याच्या आड उभ्या राहिल्या. शेवटी मी आपल्या चंद्रभानला सर्वांदेखत पहिला बसवला, तेव्हा बाकीच्यांनी पोरे सोडली.

नत्थुजी तोलताना एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आमच्या अकरा पोरांचा असा लाभ झाल्यावर मी आकडे पाहिले, तर सारी पोरे जरा हलकीच वाटली. खोदून विचारले, तेव्हा कळले, की या गृहस्थाने कापसावर कापतात तसा प्रत्येक पोरामागे एक शेर कडता कापला आहे. ओल, माती आणि कचऱ्याबद्दल. मी रागावलो, तर तोच माझ्यावर रागावला. म्हणाला, मास्तर, माल कोणताबी असो, कडता तं कापाच लागते, मह्या बापानं बी कापला. पोरांच्या अंगावरची माती पाहता मलाही फार वाद घालता येईना. दर महिन्याला तेवढाच कापणार आहे, म्हणून मी आकडे तसेच साहेबांकडे धाडले. चंद्रभान कडता कापून सव्वीस शेर. खरा सत्तावीस धरून चाल.

दाजींस नमस्कार. माझ्या चुका तुझ्या पदरात घालतो, तिथे जागा पुष्कळ आहे.

तुझा
शेषराव

॥ श्री ॥
अमरावती, कार्तिक वद्य ११

चि. शेषराव यास गोदाबाईचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तूच लहानपणी धूळपाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांनी हे लिहिते आहे, तेव्हा वाकडी आली तर दोष मास्तरांचा.

लेकराला काट्यावर चढवलंस ते मला मुळीच आवडलं नाही. आणि तेही सगळ्यांच्या आधी! दुसऱ्यांच्या पोरांना धीर यावा म्हणून माझाच पोरगा सापडला? बरं, झालं ते झालं. नत्थुजीला सांग, माझ्या लेकराच्या अंगावर माती नाही. मी स्वतः डाळीचं पीठ लावून न्हाऊ घालून पाठवलंय. एक शेर परत कर म्हणावं.

इकडची तऱ्हा काय सांगू. ह्यांनी मुंबईहून एक घड्याळ आणवलंय. घरात कुणाला ते वाचता येत नाही. ते देवघरात ठेवलंय आणि बरोबर टोल पडला, की हे हात जोडतात. ओसरी, माजघर, कोठी, सगळीकडे कापूस. स्वयंपाकघरात चूल पेटवताना मी जीव मुठीत धरते. परवा बैलांना तूप पाजलं, आणि चंद्रभानच्या औषधाला मध मागितला तर म्हणाले, हंगाम होऊ दे. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. अकरा पोरं आणि दोन खोल्या ऐकून फार हसले, मग एकदम बोटांवर काही मोजू लागले. काय विचारात पडले कोण जाणे.

एकच मागणं आहे. मी पोटचा पोरगा दूर केला तो शिकावा म्हणून, पण त्याहून जास्त तो जगावा म्हणून केला. मागच्या हंगामात त्याचा जीव कसा घाबरा व्हायचा ते मी पाहिलंय. त्याला कापसाच्या वाऱ्यालाही उभं करू नकोस. त्याच्या हातात माझ्या आईचं चांदीचं कडं घातलंय. घालताना साबण लावावा लागला, इतकं घट्ट बसलंय. ते काढू नकोस.

जेवण वेळेवर करत जा, दोघंही. आशीर्वाद आहेतच, त्यांचा कडता कापू नकोस.

गोदाबाई

॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ३

राजश्री शेषरावजी मास्तर यांसी खुशालराव याचा रामराम वि. वि. आपली शाळा रिकामी असल्याचे घरातून कळले. वाईट वाटले. इतकी चांगली कोरडी खोली, वर पक्के छप्पर, आणि आत नुसती हवा भरून ठेवणे हे सरकारचे नुकसान आहे.

आमची अकोल्याकडील खरेदी यंदा मोठी आहे. सबब मागल्या खोलीत थोडा माल ठेवून घ्यावा. अकरा पोरांस पुढली खोली पुष्कळ होते. सोबत सरकी काढण्याच्या चार चरख्या पाठवतो. गावची पोरे तुमच्याकडे येत नाहीत, ती आमच्या चरख्यांवर येतील. बाहेर उन्हात हिंडण्यापेक्षा शाळेच्या छपराखाली राहतील, यातही एक प्रकारे विद्येचीच सेवा आहे. हे घरात कळवण्याचे कारण नाही. बायकांना व्यवहारात सर्दी दिसते आणि सर्दीत मरण दिसते.

आपण आमचे मेहुणे, परके नव्हे. नाही म्हणणार नाही या भरवशावर गाड्या निघाल्या आहेत.

खुशालराव

॥ श्री ॥
अकोला, मार्गशीर्ष शुद्ध १०

तीर्थस्वरूप दाजींस शेषरावचा नमस्कार वि. वि. पत्र चार दिवसांमागे सकाळी मिळाले, गाड्या त्याच्या आदल्या दिवशी आल्या. तेव्हा नाही म्हणण्याची संधी आपण मला ठेवलीच नव्हती. बहिणीच्या नवऱ्याचा माल दारातून परत पाठवायचा, तर मला अमरावतीचा रस्ता कायमचा बंद.

आपण थोडा म्हणालात तो माल आढ्याला लागला आहे. चरख्या सुरू झाल्या आणि माझी पोरे सापडली. चार चरख्या फिरवायला बारा पोरे, बाकीची काडीकचरा निवडायला. मागल्या खोलीत रोज तीस पोरे. आता मी सकाळी पुढल्या खोलीत उभा राहून नावे पुकारतो, आणि भिंतीपलीकडून ती हजर म्हणून ओरडतात. नियमात मूल शाळेच्या इमारतीत असावे एवढेच आहे. मधल्या भिंतीबद्दल सरकार काही बोललेले नाही. हजेरी अकरावरून एकेचाळीस. पाढेसुद्धा पलीकडूनच म्हणतात. चरख्याच्या तालावर एकोणतीसचा पाढा असा बसतो, की पूर्वी छडीनेही बसला नव्हता.

दोन गोष्टी मात्र कळवतो. डाक्तरसाहेबांचे पत्र आले, की अकोल्याची मुले फार हलकी भरली. पुढल्या पौर्णिमेस वजन न वाढल्यास ही शाळा प्रकृतीस अपायकारक समजून बंद करण्यात येईल. नत्थुजीचा कडता असा अंगाशी आला. दुसरे, चंद्रभान आणि मी पुढल्या खोलीतच निजतो, आणि मधल्या दाराला फटी आहेत. सकाळी आमच्या पांघरुणावर पांढरे तंतू असतात. एखादा जाड पडदा पाठवाल तर बरे. ताईस मी काही लिहिलेले नाही. ते मला रुचलेले नाही, हे मात्र आपणांस लिहितो.

मेहुणेपणाची जाण राखावी, निदान हंगामापुरती तरी.

शेषराव

॥ श्री ॥
अकोला, मार्गशीर्ष वद्य २

ती. गोदाताईस शेषरावचा साष्टांग नमस्कार वि. वि. साखर वाट! तुझ्या भावाची शाळा वाचली.

साहेबांचा हुकूम होता, की पोरे जड करा नाहीतर शाळा बंद करा. मी पालकांची सभा बोलावली. शाळा बंद होणार म्हटल्यावर मला वाटले आनंद होईल, पण सूर्यभान पाटील उठून म्हणाला, की मास्तर, वजन वाढवाची चिंता तुमी नोका करू, हे काम आमी बापजाद्यापासून करून राह्यलो. आणि केले. पौर्णिमेच्या सकाळी पोरे काट्यावर आली ती थेट बाजारात न्यायच्या कापसासारखी तयार होऊन. धोतरे अंगावरच पाण्यात भिजवलेली. पोटे तांब्यातांब्याने पाणी पिऊन टरारलेली. एकाच्या कमरेला दगड, एकाच्या टोपीत माती, पाटलाच्या पोराच्या काष्ट्यात तर खलबत्त्यातला बत्ता. नत्थुजीने सगळे ओळखले. तो म्हणाला, ओल जास्त हाय, आणि कडता दीड शेर केला. तरीही एकेचाळीस पोरांची सरासरी मागल्या खेपेपेक्षा दोन शेर जास्त भरली. डाक्तरसाहेबांनी शाबासकीचे पत्र धाडले आहे आणि बक्षीस पाठवणार म्हणतात. सगळ्या वऱ्हाडात एवढ्या झपाट्याने कुठे पोरे पोसली गेली नसतील.

हसू नकोस. आपला मात्र अस्सल आहे. चंद्रभान स्वतः होऊन पारड्यात चढला, गोधडी गुंडाळून शहाण्यासारखा बसला, आणि अठ्ठावीस शेर भरला. मी त्याच्या कमरेला काही बांधले नव्हते, तुझी शपथ. म्हणजे मामाचे अन्न अंगी लागते आहे. खोकला थोडा आहे, थंडीचा असेल. हजेरीही एकेचाळीस झाली, ती कशी ते कधी भेटीत सांगेन.

तुझा लाडका आणि आता सरकारचाही लाडका,
शेषराव

॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष वद्य १२

शेषराव,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. आधी बाकीचं लिहिते, उरला तर शेवटी देईन.

तुझं पत्र आलं आणि मी खरंच साखर वाटली. अठ्ठावीस शेर म्हणून शेजारी सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी कुर्बान आला. तो अकोल्याहून रुई भरून आला होता. मी विचारलं, कुठून भरली? तो म्हणाला, शाळेतून. मी म्हटलं, कोणत्या शाळेतून? तर तो माझ्याकडे असा बघत राहिला, की आता आपण बोललो ते बोलायचं नव्हतं हे त्याला कळलं. मग सगळं बाहेर पडलं. मागली खोली, चार चरख्या, भिंतीपलीकडून हजर म्हणणारी पोरं. आणि म्हणाला, बाई, पोरगा भेटाले आला होता, गाडीच्या चाकापर्यंत येता येता दोनदा बसला.

मी म्हटलं, माझा पोरगा दोन शेर वाढलाय. कुर्बाननं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. चंद्रभानच्या हातातलं कडं आता कोपरापर्यंत वर जातं, आणि खाली सुटून पडू नये म्हणून त्यानं ते दोऱ्यानं मनगटाला बांधलंय. साबण लावून घातलेलं कडं, शेषराव. दीड महिना झाला नाही.

तू रोज त्याचं नाव पुकारतोस, तो रोज तुला ओ देतो, आणि तुला तो दिसत नाही? तुझे डोळे त्या हजेरीबुकात पुरून ठेवलेस काय? ह्यांचं मला नवल नाही. ह्यांना जे मोजता येतं तेवढंच दिसतं. पण तू मला अक्षरं शिकवलीस. त्याच अक्षरांत मी तुला लिहिलं होतं, की कापसाच्या वाऱ्यालाही उभं करू नकोस. तू त्याला कापसात निजवलंस आणि वर माझी शपथ घेतलीस. मला तुझी लाज वाटते. ह्यांच्याशी मी तीन दिवस बोललेले नाही, त्यांच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.

पोराला कुर्बानच्या गाडीत घाल. इथे आणू नकोस, इथेही तेच आहे. भातकुलीला आपल्या माहेरच्या मळ्यात पाठव. मी तिथे जाते आहे, कुणाला विचारून नाही.

आशीर्वाद उरला नाही.

गोदाबाई

॥ श्री ॥
अकोला, पौष शुद्ध २

ती. ताई, नमस्कार. तो तरी घे.

पत्र वाचून मी चंद्रभानला हाताला धरून बाजारात नेले. त्याला चालवेना, म्हणून खांद्यावर घेतला, आणि काट्यापर्यंत जायच्या आतच मला वजन कळले. नत्थुजीला बाजूला केले. गोधडी काढली, सदरा काढला, स्वतः तोलले. लाभ म्हटले नाही, एक म्हटले. कडता न कापता तेवीस शेर. नत्थुजी तिथेच उभा होता. तो म्हणाला, मास्तर, यावर आता मी काय कापू? आणि त्याने डोळे पुसले. त्या माणसाला मी तुझ्याकडे किती हसलो होतो.

पौर्णिमेला गोधडीत पाच शेरांचे दगड होते. कुणी बांधले म्हणून मी पोराला दरडावले. तो म्हणाला, की मीच बांधले, तुमची शाळा मोडली असती. खोकल्याचे सांगितले का नाहीस, तर म्हणाला, की तुम्ही हजेरी घेता तेव्हा खोकू नये म्हणून मी तोंडात सदरा धरतो.

ताई, मी स्वतःला फार हुशार समजत होतो. मी सगळ्या गावाला हसलो, आणि साऱ्या गावात फसला तो मी एकटा. बाकीच्या बापांना आपापल्या पोरांचे दगड कुठे आहेत हे तरी ठाऊक होते.

मी दाजींचा कापूस मागल्या खोलीतून काढून अंगणात टाकला आहे. आढ्यापर्यंतचा, एकट्याने, दोन दिवस. मलाही खोकला लागला, बरे झाले. पोरांना घरी पाठवले. त्याआधी सगळ्या पोरांची खरी वजने घेतली, खरी हजेरी लिहिली, अकरा, आणि साहेबांना मागले सारे आकडे खोटे असल्याचे कळवले. चंद्रभान उद्या पहाटे निघेल. कुर्बानने गाडी धुऊन घेतली आहे. मी न सांगता.

क्षमा मागत नाही. ती तुझ्याकडे शिल्लक असली, तर पोराच्या औषधपाण्यात घाल.

शेषराव

॥ श्री ॥
अकोला, फाल्गुन वद्य ८

ती. ताईस शेषरावचा साष्टांग नमस्कार वि. वि. चंद्रभान आता बसून पेज घेतो, हे कुर्बानकडून कळले. मी तुझ्या पत्राची वाट पाहत नाही असे रोज स्वतःला सांगतो.

साहेबांचा लखोटा परवा आला. आत दोन कागद. पहिल्यात लिहिले होते, की मार्गशीर्षात मुलांची प्रकृती उत्तम राखल्याबद्दल या शाळेस बक्षीस मंजूर झाले आहे. दुसऱ्यात होते, की पौषात मुले हलकी व हजेरी अकरा आढळल्यावरून ही शाळा बंद करण्यात येत आहे. दोन्ही कागदांवर सही एकाच हाताची, तारीखही एकच. मी खोटे लिहिले त्याचे बक्षीस, खरे लिहिले त्याची शिक्षा. आणि बक्षीस काय म्हणशील? एक पितळी काटा. शाळेसाठी. वजनांसकट.

आणखी ऐक. कापसाचा भाव उतरू लागला आहे. अमेरिकेतली लढाई संपत आली म्हणतात. गावातल्या चरख्या थांबल्या आणि काल सकाळी अडतीस पोरे दप्तर घेऊन दारात उभी राहिली. आपण होऊन! सूर्यभान पाटील स्वतः पोराला घेऊन आला. मी त्यांना सांगितले, की शाळा नाही. एकाने आत जाऊन पाहिले. दोन्ही खोल्या दाजींनी भाड्याने घेतल्या आहेत, अंगणातला कापूस पुन्हा आत गेला आहे.

आता मला इथे काम नाही. तू परवानगी दिलीस तर भातकुलीला येतो. काटा बरोबर आणतो, म्हणजे चंद्रभानचे वजन दर आठवड्यास नीट पाहता येईल. कडता कापणार नाही.

दाराशी आलो तर हाकलू नयेस, एवढीच याचना.

शेषराव

॥ श्री ॥
भातकुली, चैत्र शुद्ध १, शके १७८७

चि. शेषराव यास गोदाबाईचा आशीर्वाद. पाडवा आहे, म्हणून दिला. आणि राहवत नाही, म्हणूनही.

हे एकदा येऊन गेले. पोराजवळ बसले. अंगणात टाकलेल्या कापसात किती खराब झाला ते मात्र जाताना मला सांगून गेले. घड्याळ बंद पडलंय म्हणाले.

तू ये. पण काटा आणू नकोस. तो नत्थुजीला देऊन टाक, त्याला त्याची अक्कल आहे. इथे मळ्यात आंब्याखाली नऊ पोरं जमतात. कापूस सरला, त्यांना काम नाही. चंद्रभान त्यांना काठीनं मातीत अक्षरं काढून दाखवतो आणि स्वतःला मास्तर म्हणवतो. काल एकाला ओरडला, की नाव पुकारलं की नुसतं हजर म्हणू नको, समोर येऊन उभा राहा. मला तुझी आठवण आली आणि मी आत जाऊन रडले. पाट्या आण. फळा सरकारचा असेल, तर तोही आण.

वजनाचं विचारलंस. आम्ही ते रोज सकाळी करतो. दोरा सोडून कडं खाली घसरू द्यायचं आणि ते कुठे अडतं ते बघायचं. आज ते मनगटावर अडलं. दोरा मी कापून टाकला.

गोदाबाई